पूल उघडला तेव्हा

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सरलाताईंचे पती गुरुदत्त गेले. ऑक्टोबरात मुलगा श्रीरंग म्हणाला, "आई, मागचा स्विमिंग पूल बुजवून टाकू. पोहणारे फक्त बाबाच होते."

"यंदा मी बंद करते. मग बघू," सरलाताई म्हणाल्या. त्यांनी पाण्याची पातळी खाली आणली, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून ते रिकामे केले आणि वर ताडपत्री घट्ट बांधली. अमेरिकेतल्या डब्लिनचा बर्फ तिच्यावर मार्चपर्यंत साचून राहिला.

मे महिन्यात श्रीरंग आला, तर पूल उघडलेला होता. पाणी निळंशार दिसत होतं.

"एवढी मेहनत कुणासाठी, आई? हू विल स्विम?"

सरलाताईंनी अंगावरचा टॉवेल खुर्चीवर टाकला.

"हिवाळाभर इनडोअर पूलमध्ये चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर पोहण्याच्या क्लासला जात होते. सरक बाजूला, भिजशील."