दुसऱ्या बाजूची चार मिनिटं

लाल दिवा लागायला सहा मिनिटं उरली होती आणि स्टुडिओतली दुसरी खुर्ची अजून रिकामीच होती. पहिलीवर पडदेवाले काका बसले होते. शहरातल्या एकुलत्या एक नाट्यगृहाचा पडदा त्यांनी एकतीस वर्षं ओढला होता. ते नाट्यगृह सात वर्षांपूर्वी किरकोळ दुरुस्तीसाठी म्हणून बंद झालं, ते आजतागायत उघडलेलं नाही. रेडिओवरचा आजचा थेट कार्यक्रम त्यावरच होता. रिकामी खुर्ची नगराध्यक्षांच्या माणसासाठी होती.

निवेदिकेने तिसऱ्यांदा नगराध्यक्षांच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "साहेबांना या विषयावर काही बोलायचं नाही."

तेवढ्यात केंद्रप्रमुख आत आले. त्यांच्या माघारी सगळे त्यांना तराजूसाहेब म्हणत. त्यांच्या केंद्रावर एका बाजूला चार मिनिटं मिळाली की दुसरीलाही चारच मिळत. पावणेचार नाहीत आणि सव्वाचारही नाहीत. खिशात स्टॉपवॉच कायम असायचं. एकदा पुराच्या कार्यक्रमात त्यांनी, ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, त्यांनाही चार मिनिटं दिली होती. दुसरी बाजू आली नाही तर पहिलीही प्रसारित करायची नाही, हा त्यांचाच नियम. त्यामुळे एखादा विषय दाबायचा असेल तर माणसाने फक्त घरी बसायचं. गेल्या वर्षभरात असे अकरा विषय घरबसल्या मेले होते.

"कार्यक्रमाऐवजी बासरी लावा," तराजूसाहेब म्हणाले. "काका, तुम्ही परत कधीतरी या. चहा घेऊन जा."

काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बोलायचे मुद्दे त्यांनी नातीकडून मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. ते निमूटपणे त्या कागदाची घडी घालू लागले. निवेदिका ते पाहत होती. तिचा सहा महिन्यांचा करार या महिनाअखेरीस संपत होता आणि तो वाढवणं तराजूसाहेबांच्या सहीवर होतं. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, भावाचं शिक्षण चालू होतं. अशा माणसाने तोंडाला कुलूप लावून बसावं, हे तिला कळत होतं. पण कळतं ते वळतंच असं नाही.

"साहेब, त्यांना काही बोलायचं नाही, हीच त्यांची बाजू झाली ना?" ती म्हणाली. "मग तीच देऊ या. पूर्ण चार मिनिटं. मोजून."

तराजूसाहेबांनी खिशातलं स्टॉपवॉच बाहेर काढलं. नियमात याला मनाई नव्हती. ते नियम मनातल्या मनात पुन्हा चाळत असतानाच लाल दिवा लागला.

काका बोलले. पडदा उंदरांनी खाल्ला, रंगमंचावर पालिकेच्या मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे, शाळेतली पोरं आता बँकेच्या जिन्याखाली नाटक बसवतात. कागद हातातच राहिला. शेवटी ते म्हणाले, "मला काही मागायचं नाही, ताई. एकदा तो पडदा वर गेलेला बघू दे, मग मी मोकळा."

"आता नगराध्यक्षांची बाजू," निवेदिका म्हणाली. "नाट्यगृह कधी उघडणार?"

आणि ती थांबली. वीस सेकंद आवाज आला नाही की तिथलं यंत्र आपोआप बासरी सुरू करायचं. काचेपलीकडचा तंत्रज्ञ बालबच्चेवाला माणूस होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं आणि बासरी अडवून धरणारं बटण अंगठ्याने दाबून धरलं. शहरभर पंख्याची घरघर ऐकू जाऊ लागली. दीड मिनिटाने काका खोकले. दुसऱ्या मिनिटाला तिने विचारलं, "दुरुस्तीचं काम कुणाकडे आहे?" पुन्हा पंखा. चार मिनिटं भरताच तिने नगराध्यक्षांचे मनापासून आभार मानले.

त्या दिवशी केंद्राचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. एका न्हाव्याने म्हणे त्या चार मिनिटांत गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा तसाच धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर दोन बायका एकमेकींना विचारत होत्या, "नाट्यगृह कधी उघडणार?" आणि मग दोघी गप्प उभ्या राहून हसू दाबत होत्या. निवेदिकेला आभाळ ठेंगणं झालं. नोकरी गेली तर गेली, असं ती घरी म्हणालीसुद्धा. रात्री मात्र तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी नगराध्यक्षांच्या कचेरीतून पत्र आलं आणि तराजूसाहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर तिच्या कराराचा कागद होता. ती उभीच राहिली.

साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. "'आमची बाजू प्रथमच कोणतीही मोडतोड न करता श्रोत्यांपर्यंत पोहोचवल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. वेळही पूर्ण मिळाला. यापुढे पाणी, रस्ते, इस्पितळ, अशा सर्वच विषयांवर आमची बाजू याच पद्धतीने मांडली जावी. आमचा माणूस पाठवण्याची आवश्यकता उरणार नाही.'"

साहेब थट्टा करताहेत का, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. त्यांनी उभ्या जन्मात थट्टा केली नव्हती. ते शांतपणे सही करत होते.

"करार तीन वर्षांनी वाढवलाय, मॅडम," कागद तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले. "गप्प बसायचं काम आता तुमच्याकडे."