रोजचा एक डाव

आमच्या यशपालचं कामापेक्षा गाजवणंच लई. बुद्धिबळात पुढं जायचं म्हणून त्यानं सरावाचं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलं: सकाळी पुस्तकातली कोडी सोडवायची, संध्याकाळी उद्यमबागेतल्या कारखान्यातनं आलं की बायकोबरोबर एक डाव. सहा महिने त्यानं सुविधाला रोज हरवलं आणि आम्हाला रोज ऐकवलं.

काल कप आणणारच म्हणून गल्लीभर सांगून चिकोडीच्या स्पर्धेला गेला. पाचच्या पाच डाव हरून आला आणि दारातनंच बायकोवर ओरडला, "घरात तर रोज जिंकत होतो की मी!"

सुविधा आत येऊन हळूच मला म्हणाली, "आत्ती, पहिल्याच आठवड्यात हे दोनदा माझ्याकडनं हरले, तर भरल्या ताटावरनं उठून गेले. तवापासनं मीच हरत आले."

मी तशीच बाहेर आले आणि लेकाला समोर बसवलं.

"आरं यशपाल, सहा महिने सराव तिनं केला, तुला कळू न देता हरायचा. पुढल्या खेपेला चिकोडीला ती खेळंल, तू डबा धरून मागं बस."