साहेबांच्या गाठी
विद्यापीठाच्या सगळ्या माजी कुलसचिवांची दप्तरं दौंडच्या गोदामात पडून होती आणि नावांच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. गठ्ठे बांधणारे रोहिदासआप्पा हयात होते, म्हणून विद्यापीठाच्या अभिलेख विभागातल्या शितलमॅडमनी त्यांना न्हावऱ्याहून बोलावलं. आप्पा एसटीने आले, दमून स्टुलावर टेकले आणि एकेक गाठ चाचपू लागले. “ही मारक्या बैलाच्या दाव्याची गाठ, म्हंजी पहिलं सायेब. ही वासराची सुरगाठ, दुसरं सायेब लई मवाळ. जसा माणूस तशी गाठ मारायचो.” मॅडम हसत नावं लिहीत गेल्या. तळाशी बारीकसा गठ्ठा उरला, करकचून निरगाठ मारलेला. “हे कोणते साहेब?” “सायेब न्हाई. रोजंदारीवरनं कायम करा म्हणून दर सायबाला मी अर्ज दिला. बिनउत्तराचे कागद बांधायचं कामबी माझंच.” मॅडमनी कात्री उचलली. “थांबा, मीच सोडतो.” आप्पा बराच वेळ नखं लावत बसले. गाठ सुटेना.