नुसता वास

कौन्सिलचे टिंडलसाहेब मॉरीनच्या परसबागेत डोळे मिटून उभे राहिले आणि त्यांनी वास घेतला. त्यांचं कामच ते. वास घ्यायला जायचं असेल त्या दिवशी ते कॉफी पीत नाहीत, दाढीनंतर गालाला काही लावत नाहीत, तोंडात पेपरमिंटची गोळीसुद्धा टाकत नाहीत. इतकं जपलेलं नाक! देवाने कुणाला काय द्यावं, याचा काही हिशेबच नाही.

कुंपणापलीकडे कचऱ्याची टेकडी होती. जवळच्या दोन शहरांचा कचरा एक कंपनी तिथे आणून ओतायची. ऊन पडलं की टेकडी आतून उकळायला लागायची. नासकी अंडी, पोरांचे भरलेले लंगोट, कुजक्या कोबीचं पाणी. वारा इकडे वळला की सगळं गाव ओकारी गिळत हिंडायचं.

साहेबांनी डोळे उघडले.

“वास आहे,” ते म्हणाले.

“आहे ना?” मॉरीनचा जीव भांड्यात पडला.

“स्मेल आहे. स्टिंक नाही.”

“म्हणजे?”

“दोन्ही शब्दांत फरक आहे, मिसेस हॅल्सॉल. स्मेल कशालाही असतो. बेकरीला असतो, तबेल्याला असतो. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. स्टिंक म्हणजे जिथे माणसाला बसवत नाही, घास उतरत नाही, अशी घाण. ती असती, तर आम्ही कंपनीला आठवड्याच्या आत सगळ्या टेकडीवर माती टाकायला लावली असती. शब्द फार जपून वापरावे लागतात आम्हाला.”

“मग हे माझ्या क्लिफला समजावून सांगा,” मॉरीन म्हणाली आणि तिने वर बोट दाखवलं.

वरच्या खोलीची खिडकी घट्ट बंद होती. फटींवर तपकिरी चिकटपट्टी लावलेली होती. आत तिचा नवरा पडून होता. डॉक्टरांनी ऑगस्टपर्यंतची मुदत दिली होती आणि जुलै संपत आला होता. खिडकीखालच्या काठ्यांवर त्याने स्वतः लावलेले स्वीट पीचे सुवासिक फुलांचे वेल गुलाबी, जांभळे फुलून आले होते.

“मरायच्या आधी त्याला ती खिडकी उघडी हवी आहे. दुसरं काही मागत नाही हो तो. फुलं तोडून वर नेली, तर म्हणतो, मॉरीन, ह्यांनाही तीच घाण येते गं.”

“फार वाईट वाटतं ऐकून,” साहेब म्हणाले. त्यांनी टॅबवर बोटाने एक-दोन ठिकाणी टिचकी मारली आणि तो बंद करून काखेत धरला. वाईट वाटायला काय जातं?

मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आल्या आल्या मॉरीनने विचारलेला चहा त्यांनी नियम सांगून नाकारला होता. “आता मात्र चहा चालेल हं,” ते म्हणाले.

मॉरीन त्यांच्याकडे बघत राहिली. दारी आलेल्याला चहा न देता पाठवणं तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं. ती आत गेली आणि बाहेर आली ती इस्त्रीचा पांढरा टेबलक्लॉथ घेऊन. कुंपणाला लागून असलेल्या लोखंडी टेबलावर तिने तो अंथरला. किटली आली, चांगले कप आले, लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम लावलेले ताजे स्कोन, छोटे गोडसर पाव, आले.

“आत नाही का बसायचं?” साहेबांनी विचारलं.

“आत? आपल्याकडे ऊन पडतं वर्षातून चार दिवस, आणि आत काय बसायचं? बसा, राजा, बसा.”

साहेब बसले. तेवढ्यात वारा फिरला आणि टेकडीवरून एक गरम भपकारा सरळ टेबलावर आला. साहेबांनी स्कोनचा घास घेतला आणि चावत राहिले. पलीकडून आलेली एक हिरवट निळी माशी त्यांच्या जॅमवर उतरली आणि पाय चोळू लागली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. घास इकडून तिकडे फिरत होता, खाली काही जात नव्हता. शेवटी त्यांनी मान वळवली, चघळलेला लगदा रुमालात काढला, आणि रुमाल तसाच नाकातोंडावर धरून ठेवला. बघणाऱ्यालाच किळस यावी.

वर काचेवर टकटक झाली. क्लिफला परसातली माणसं दिसली असावीत.

“आले रे!” मॉरीनने मान वर करून हाक दिली. “साहेब म्हणतात, नुसता स्मेल आहे! उघडते तुझी खिडकी आता!”

“नको!” साहेब रुमालाआडून ओरडले. “नका उघडू! आजारी माणूस आहे तो.”



“मग हेच लिहा ना,” मॉरीन हळू आवाजात म्हणाली. “एवढंच लिहा.”

साहेबांनी काखेतल्या टॅबकडे पाहिलं. “रिपोर्ट पाठवून झालाय.”

“दुसरा पाठवता येईल की.”

खुर्ची मागे सरकवून साहेब उठायला लागले. मॉरीनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना परत खाली बसवलं. माशी हाकलली. दुसरा स्कोन फोडून लोणी लावलं, वर जॅम घातला आणि तो त्यांच्या बशीत ठेवला. वर टकटक चालूच होती.

“खा, राजा,” ती म्हणाली. “नुसता वास तर आहे.”