रविवारची बाहुली

बाहुलीचं डोकं झालं, धड झालं, दोन्ही पाय झाले, एक हात झाला. दुसरा हात आणि केस तेवढे राहिले होते, आणि नेमका रविवार होता.

टोंगाच्या बेटांवर रविवारी कोणी इकडची काडी तिकडे करत नाही. दुकानं बंद, विमानं बंद. माणसं चर्चमध्ये जातात, जेवतात आणि झोपतात. तसंच सकाळचं चर्च उरकलं, उमूच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या, खड्ड्यात शिजलेलं अळूच्या पानांतलं मांस आणि रताळी सगळ्यांनी पोटभर खाल्ली, आणि सारं घर चटयांवर आडवं झालं. कालेसिता तेवढी मागच्या चुलीच्या खोपीत दाराकडे पाठ करून बसली होती आणि तिच्या हातात क्रोशाची सुई होती.

तीन आठवड्यांपूर्वी ऑकलंडहून आलेल्या नणंदेने, वासीतीने, तिकिटं दाखवली ती काल दिवेलागणीला. सोमवारी सकाळचं विमान, ऑकलंडला. कालेसिताची चार वर्षांची लुपे आता तिकडे आत्याजवळ वाढायची होती. वासीतीला मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीने भावाचं मूल मागितलं की भावाने मान खाली घालायची असते, आणि कालेसिताच्या नवऱ्याने, सेमिसीने, ती घातली. कालेसिताला कोणी विचारलं नाही. विचारावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग तिनेही कोणाला न विचारता आपला जुना तपकिरी स्वेटर उसवला आणि लुपेसाठी बाहुली विणायला घेतली. पोटात सावरीचा कापूस दाबून भरला, अगदी टाके ताणले जाईपर्यंत. रडायला तिला वेळच नव्हता. रडणं विमान उडाल्यावर करता येणार होतं.

"कालेसिता!"

वासीती दारात उभी. अंगावर अजून चर्चचा काळा झगा. लपवायला जागा नव्हती, आणि खरं तर लपवायचं कालेसिताच्या मनातही नव्हतं.

"काय चाललंय हे?"

"बाहुली, वन्सं."

"डोळे आहेत मला. आज वार कोणता?"

"रविवार."

"पाळकांच्या कुंपणाला लागून घर आपलं! पुढच्या रविवारी सगळ्या चर्चसमोर नाव घेतील तुझं. जनाची नाही तर मनाची तरी? आण इकडे."

नणंदेने आण म्हटल्यावर द्यायचंच असतं. कालेसिताने खाली बघत दोन्ही हातांनी बाहुली पुढे केली. वासीतीने ती उलटीपालटी करून पाहिली. कंबर रुंद, नाक बसकं, हनुवटीवर काळ्या लोकरीचा एक तीळ. तिने बाहुलीकडे पाहिलं, मग भावजयीच्या हनुवटीकडे पाहिलं.

"ही तू आहेस."

"हो."

"अगं बाई! एक तर रविवारचं काम, त्यात वर हे! हे माझ्या घरी येणार नाही. चालायचंच नाही." असं म्हणत तिने बाहुलीच्या अर्धवट विणलेल्या हातातली सुई काढून टाकली आणि लोकरीचं टोक धरून ओढलं. सुई निघाल्यावर क्रोशाला उसवायला काय लागतं? सरसर एक ओळ सुटली, दुसरी सुटली.

"वन्सं."

कालेसिताचा आवाज चढला नाही. आजवर या घरात तो कधी चढला नव्हता.

"उसवणं हेही कामच. उद्या उसवा."

वासीतीची बोटं जागच्या जागी थांबली. पन्नास वर्षांत रविवारी तिने सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता, आणि ही सगळ्या गावाला ऐकवायची गोष्ट होती. उद्या पहाटे तर विमानतळ गाठायचा होता. सामानाच्या गडबडीत कुठलं उसवणं नि कुठलं काय.

"जीभ फुटली म्हणायची तुला," ती म्हणाली.

"हो, वन्सं."

वासीती मटकन ओंडक्यावर बसली. बाहुली तिच्या मांडीवर होती.

"ती मला आई म्हणणार आहे, कालेसिता. मला. ही उशाशी असली तर कशी म्हणेल?"

"म्हणू दे की. ही काही बोलत नाही."

वासीतीने त्या तिळावरून अंगठा फिरवला.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. "कालेसिता, आहेस का गं?" पाळकांच्या बायकोचा आवाज. जेवणाची परडी परत द्यायला आल्या असणार. कालेसिताच्या पायांजवळ लोकरीचा गुंता, कापसाचे पुंजके, सुई, सगळं उघड्यावर.

वासीती उठली. बाहुली तिने भावजयीच्या ओटीत टाकली, ओंडका ओढत दारात नेला आणि अशी बसली की खोपीच्या आतलं काही दिसेना.

"झोपलीय ती," ती बाहेर म्हणाली. "परडी तिथेच ठेवा."

वासीतीला उलट विचारणारं त्या गावात कोणी नव्हतं. परडी ठेवल्याचा आवाज आला, फाटक पुन्हा वाजलं. वासीती मात्र दारातून हलली नाही. रविवारी धडधडीत खोटं बोलून ती घामाघूम झाली होती.

कालेसिताने सुटलेले टाके सुईवर उचलून घेतले.

"अजून किती राहिलंय?" वासीतीने मागे न बघता विचारलं.

"अर्धा हात. आणि केस."

"केस लांब कर."

कालेसिताची सुई थांबली.

"तीन आठवडे लुपे माझ्या कुशीत झोपतेय," वासीती म्हणाली. "झोपेत मुठीत धरायला तुझे केस शोधते. रोज रात्री माझ्या मानेवर चाचपडते." तिचा हात आपोआप आपल्या आखूड कापलेल्या केसांवर गेला. "माझे पुरत नाहीत तिला."