दिवाळीच्या आधी

भाऊबीजेचं ओवाळणं अर्ध्यावर टाकून श्रीरंग पाटावरून उठला आणि त्यानं स्वयंपाकघरातला गॅस बंद केला.

"अरे, अजून एकही शिट्टी झाली नाही," ताई ताट घेऊन मागोमाग आली. "तुमच्याच कंपनीचा कुकर आहे. दुकानदार दुसरा गळ्यात मारत होता. मी म्हटलं, हा माझ्या भावानं तपासलेला आहे."

कुकर दिवाळीच्या आधी बाजारात यायलाच हवा होता. म्हणून श्रीरंगनं झडपेची चाचणी मध्येच थांबवून सही केली होती.

"हा वापरू नकोस. बदलून देतो."

"बिघडलाय का?"

त्यानं ताईला ओट्यापासून मागे ओढलं.

"मग शेजारच्या वहिनींचाही बघ. तुझं नाव सांगून मीच घ्यायला लावला."

"आधी ओवाळून तर घे," असं ताई म्हणेपर्यंत श्रीरंग शेजारच्या दारावर थापा मारत होता.