बारावं रोप

प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवलेली तुरीची अकरा रोपं मातीत लावली आणि बाहेरचा वारा लागताच वाळली. बारावं रोप घेऊन कोकिळा सुट्टीत सोनाळ्याला आली.

तिची आई तानुबाई हिने नळीच्या तोंडाचा कापूस काढला, रोप कुंडीत लावलं आणि न्हाणीजवळच्या सावलीत ओलं फडकं गुंडाळलेल्या टोपलीखाली झाकलं. मग रोज टोपलीखाली एकेक खडा वाढवत ती आत जरासा जास्त वारा येऊ द्यायची. पंधराव्या दिवशी टोपली काढली, तेव्हा रोपाला नवं पान होतं.

कोकिळेने सगळं वहीत लिहून घेतलं. "माय, तुले हे कोणं शिकवलं वं?"

"तूनंच. सातव्या महिन्यातच झाली होती तू. तुलेबी असाच थोडा थोडा वारा दाखवला मी."